गोव्यातल्या तरुण आईबापांवर संशोधन करायचं असेल तर

प्रश्न डिचोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. समाजशास्त्रात पीएचडीसाठी तिला कमी वयात आई झालेल्या गोमंतकीय मुलींचं आरोग्य हा विषय घ्यायचा आहे. एका प्राध्यापकांनी सांगितलं, गोव्यात असे आकडेच नगण्य, विषय सोड. दुसरे म्हणाले, हे डॉक्टरांचं काम, तुझं तिथे काय? पोक्सोची, म्हणजे अल्पवयीन मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याची, तिला भीती वाटते, मुली बोलतील की नाही याची खात्री नाही. आणि पत्राच्या शेवटी, सहज आठवल्यासारखं विचारलंय : बापांशीही बोलावं लागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. हो, बोलावं लागेल, आणि आराखड्यातच त्यांना धरावं लागेल. शीर्षकात लिंगभाव घालायचा आणि आत फक्त बायकांच्या मुलाखती घ्यायच्या, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मुलीला दिवस गेले की तिची नोंद होते, वजन होतं, रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या मिळतात. वीस-एकवीस वर्षांचा जो मुलगा तिला आणून सोडतो आणि दवाखान्याबाहेर दुचाकीला टेकून थांबतो, त्याचं नाव माता-बाल संरक्षण कार्डावर एका रकान्यात लिहिलं जातं आणि तिथेच संपतं. त्याची शाळा कधी सुटली, काम कायम की कंत्राटी, घरात कोणाशी बोलणं बंद आहे, हे कोणी विचारत नाही. संशोधक तेच रजिस्टर हातात घेऊन निघतात, त्यामुळे त्यांना भेटतात तीही रजिस्टरातलीच माणसं. यावर पुढे येते.

आता 'आकडेच नाहीत' याबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या देशात २३.३ टक्के निघाल्या, गोव्यात ५.८ टक्के. १५ ते १९ वयात आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुली देशात ६.८ टक्के, गोव्यात तीन टक्क्यांच्या आत. एकूण जननदर देशात २.०, गोव्यात १.३. हे पाहून तुमचे प्राध्यापक विषय सोड म्हणाले असणार. पण एक हिशेब करा. गोव्यात त्या फेरीत मुलाखती झाल्या साधारण दोन हजार स्त्रियांच्या. त्यात १५ ते १९ च्या मुली दोन-तीनशे धरल्या, तर त्यांच्यातले तीन टक्के म्हणजे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मुली. त्या आठ-नऊ जणींच्या जोरावर 'पेडणे विरुद्ध सासष्टी' किंवा 'अमुक समाज विरुद्ध तमुक समाज' अशी विधानं करणारे लेख मी वाचलेत, आणि वाचून बाजूला ठेवलेत. हा आकडा राज्याची ढोबळ दिशा दाखवतो, त्याच्याकडून त्यापलीकडे काही मागू नका. शिवाय दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी बाईला अविवाहित मुलीच्या घरचे काय सांगणार, हेही लक्षात ठेवा.

आकडा कमी आहे, हीच तुमच्या प्रबंधाची सुरुवात होऊ शकते. ज्या गावात सतराव्या-अठराव्या वर्षी आई होणाऱ्या चार जणी आजूबाजूला असतात, तिथे मुलीची प्रकृती ढासळते, शिक्षण सुटतं, पण ती एकटी पडत नाही. आपल्याकडे मुलगी शिकते, नोकरीला लागते, मग स्थळं बघतात. पंचविशी उलटली तरी कोणाला त्यात वावगं वाटत नाही. अशा राज्यात एकोणिसाव्या वर्षी आई झालेली मुलगी कायद्याने सज्ञान असते, तिने कोणाचं काही बिघडवलेलं नसतं, आणि तरीही वाड्यावर ती उठून दिसते. दवाखान्यात नर्सबाईचा सूर बदलतो. कॉलेजात 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात. घरचे बारसं चार माणसांत उरकतात. हे सगळं अंगावर येतं, आणि त्याचे परिणाम झोपेवर, जेवणावर, दूध येण्यावर दिसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्यात तरुण आईबापांचं जे नुकसान होतं त्यात वयाचा वाटा आहेच, पण चारचौघांच्या आधी आईबाप झाल्याची जी किंमत वसूल केली जाते तिचा वाटा आपण मोजलेलाच नाही. तो मोजणं हे समाजशास्त्राचं काम, डॉक्टरांचं नव्हे.

ती किंमत मोजायची कशी? प्रश्नावलीत 'समाजाने तुम्हाला स्वीकारलं का?' असं विचारलंत तर 'हो' असं उत्तर येईल आणि ते निरुपयोगी असेल. हिंदू घरांत मी विचारते, लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेरून वजें, म्हणजे मानाची भेट, आलं का. आलं असेल तर कोणी आणलं, भावाने की शेजाऱ्याच्या हाती पाठवलं? गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना ती कुठे होती? पाच-सहा वाक्यांत नातेसंबंधांचा अख्खा नकाशा उलगडतो. एका घरी वजें आलं होतं, पण रात्री, गाडीचे दिवे बंद करून. त्या एका तपशिलावर मला अख्ख्या पानभर लिहिता आलं. ख्रिस्ती आणि मुसलमान घरांत अशा जागा वेगळ्या असतात. बाप्तिस्म्याला बाळाचे धर्मपिता-धर्ममाता म्हणून कोण उभं राहिलं, हा ख्रिस्ती घरांतला चांगला प्रश्न.

आणि एक सापळा. हा विषय काढला की गोव्यात कोणीही, सरपंचापासून डॉक्टरपर्यंत, सांगेल : 'हो, पण ते भायल्यांमध्ये', म्हणजे बाहेरून आलेल्यांत. मग बायणा, झुआरीनगर, चिंबल अशी वस्त्यांची नावं येतील. हे वाक्य निष्कर्ष म्हणून लिहू नका, माहिती म्हणून नोंदवा, कोण म्हणालं त्यासकट. परप्रांतीय मजुरांच्या मुली सरकारी इस्पितळातच येतात, म्हणून त्या तिथल्या नोंदींत दिसतात. ऐपत असलेल्या घरची मुलगी दुसऱ्या तालुक्यातल्या खासगी डॉक्टरकडे जाते, किंवा सावंतवाडी-बेळगावच्या मावशीकडे 'कोर्स करायला' जाते आणि वर्षाने परत येते. कोण नोंदीत दिसतं आणि कोण दिसत नाही, हे पैशावर ठरतं. तुमच्या नमुन्यात फक्त वस्तीतल्या मुली आल्या तर दोष तुमच्या आराखड्याचा असेल.

आता डॉक्टरांची बाजू, कारण ती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयाच्या मातांना २० ते २४ च्या मातांपेक्षा गरोदरपणातले झटके, बाळंतपणानंतर गर्भाशयाचा जंतुसंसर्ग, इतर संसर्ग यांचा धोका जास्त असतो. बाळ कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं होण्याची शक्यताही जास्त. यावर वाद घालायला जाऊ नका. वाद पुढे सुरू होतो : पंधरा-वीस वर्षांनी या बाईचं शिक्षण, मिळकत, मुलाची शाळा, यातलं किती तिच्या वयामुळे आणि किती ज्या घरात ती जन्मली त्या घरामुळे?

या प्रश्नाला अमेरिकेत एक साधी पण हुशार वाट सापडली. १९९२ साली ॲरलाइन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन यांनी सख्ख्या बहिणींची तुलना केली. एक किशोरवयात आई झालेली, दुसरी नंतर. घर तेच, गरिबी तीच, शाळा तीच. तोपर्यंतचे अभ्यास किशोरवयीन मातेची तुलना सरसकट बाकीच्या बायकांशी करत आले होते. बहिणी शेजारी उभ्या केल्यावर दोघींमधली दरी बरीच कमी झाली. वयाच्या खात्यावर टाकलेलं पुष्कळसं गरिबीचं निघालं. त्याआधी फ्रँक फर्स्टेनबर्ग यांनी बाल्टिमोरमध्ये १९६० च्या दशकात किशोरवयीन मातांचा माग घ्यायला सुरुवात केली होती. सतरा वर्षांनी त्याच बायका पुन्हा भेटल्या तेव्हा अनेकींनी शाळा पूर्ण केलेली, नोकरी धरलेली. सगळ्यांनी भाकीत केलं होतं तेवढं वाईट झालं नव्हतं. ज्यांचं वाईट झालं त्यांचं मात्र फार वाईट झालं, म्हणून सरासरीवर समाधान मानू नका.

हे निष्कर्ष उचलून आपल्या सत्तरी तालुक्यात बसवता येणार नाहीत. तिकडच्या बहुतेक मुली अविवाहित, आपल्याकडच्या बहुतेक नवऱ्याच्या घरी. तिकडे सरकारी मदतीवरून राजकारण पेटलेलं, इकडे अब्रूवरून. पण बहिणींची युक्ती उचलण्यासारखी आहे. प्रत्येक मुलीमागे तिची एक बहीण किंवा चुलत बहीण भेटा. 'ती' आणि 'मी' यांत काय वेगळं झालं, हे बहीण जेवढं नेमकं सांगते तेवढं कोणतंही प्रमाणित मापन सांगत नाही.

आपल्या घरातही काम झालेलं आहे आणि ते गोव्यातल्याच माणसांना कमी ठाऊक आहे. २००२ साली विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा गोव्यातल्या एका जिल्हा इस्पितळातला अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत २७० स्त्रियांना त्यात घेतलं होतं. बाळ सहा-आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आया नैराश्यात होत्या, आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता. सहा महिन्यांनी पाहिलं तर निम्म्याहून अधिक अजून आजारीच. कारणं शोधली तेव्हा पैशाची तंगी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ठळकपणे पुढे आलं. मुलगी झाली हाही एक घटक निघाला, आणि मारहाण, भूक यांचा परिणाम त्याने आणखी वेगळा होत होता. पुढच्या वर्षीच्या लेखात नैराश्यात असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची असताना वजनाने कमी भरण्याची शक्यता जास्त दिसली. साक्षरता, इस्पितळातली बाळंतपणं या सगळ्यात पुढे असलेल्या राज्यातले हे आकडे आहेत. तो अभ्यास सगळ्या वयांच्या आयांचा होता, तरुणांचा वेगळा नव्हे. पण ज्या गोष्टी तिथे घातक ठरल्या, म्हणजे तंगी, नवऱ्याशी ताण, मुलगी झाल्याची नाराजी, त्या सगळ्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या वाट्याला एकाच वेळी येतात का, हे तुम्ही पाहू शकता. नंतर याच परंपरेत गावातल्याच साध्या बायकांना 'सखी' म्हणून शिकवून नैराश्यातल्या गरोदर स्त्रियांकडे पाठवण्याचा प्रयोग झाला. २८० स्त्रियांवरचा तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. वाचा, कारण मदत कोण करू शकतं याचं उत्तर त्यात आहे आणि त्याला पदवी लागत नाही.

कायदा. इथे घाई करू नका. पोक्सो कायदा २०१२ चा, त्यात अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक. कलम १९ गुन्ह्याची माहिती देण्याची जबाबदारी 'कोणत्याही व्यक्तीवर' टाकतं, त्यातून संशोधक सुटत नाही. माहिती दडवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्या पत्नीशी संबंधही बलात्कारच ठरवला, म्हणजे 'लग्न झालंय' हे उत्तर पुरत नाही. सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरने अहवालात न देण्याची मुभा दिली, पण ती डॉक्टरला, त्या प्रसंगापुरती. तिचा आधार घेऊन आपल्या वहीवर पांघरूण घालता येणार नाही. गोव्याला याशिवाय स्वतःचा बाल कायदा आहे, २००३ चा, आणि त्याचं वेगळं बाल न्यायालय.

म्हणून माझी सूचना : सतरा वर्षांच्या मुली तुमच्या प्रबंधात नकोत. ज्यांना पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा त्या अठरा ते बाविशीच्या होत्या, अशा घ्या. यात पळवाट नाही, विषयच तिथे आहे. गोव्यात एकोणीस हेच 'लवकर' आहे, हे आपण वर पाहिलंच. तरीही बोलण्याच्या ओघात एखादी सोळाव्या वर्षीचं काही सांगेल. त्यासाठी संमतीपत्रकात पहिल्याच परिच्छेदात, तिच्या बोलीत, लिहा की कोणती गोष्ट तुम्हाला गुपित ठेवता येणार नाही. ते तिला वाचून दाखवा आणि मगच रेकॉर्डर चालू करा. नैतिकता समितीकडे जाताना वकिलाचं लेखी मत जोडा. समितीने विचारलं नाही तरी जोडा.

आता याच वयोगटाचा एक पेच पाहा, तो मला या विषयातला सगळ्यात गोमंतकीय भाग वाटतो. मुलीला लग्नासाठी अठरा पूर्ण लागतात, मुलाला एकवीस. मुलगा अठराव्या वर्षी मत देतो, गाडीचा परवाना काढतो, कारखान्यात कामाला लागतो, बाप होऊ शकतो, पण निबंधकासमोर सही करू शकत नाही. देशात इतरत्र देवळात हार घालून वेळ मारून नेतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, इथे लग्न म्हणजे आधी नोंदणी, आणि तीही दोन टप्प्यांत : पहिली सही, मग मधले दिवस, मग दुसरी सही. ती झाल्याशिवाय देवळातल्या विधीला कायद्याच्या दृष्टीने वजन नाही. समजा ती एकोणीस, तो एकोणीस, आणि बाळ होणार. दोघंही सज्ञान, दोघांच्याही मर्जीने झालेलं, कोणावर गुन्हा नाही. आणि तरीही दोन वर्षं लग्न होऊ शकत नाही.

या दोन वर्षांत मुलगी राहते कुठे? मी पाहिलेल्या घरांत तीन प्रकार दिसले. एक, ती त्याच्या घरी येते, गावाला लग्न झालं असं सांगतात, सासू दाखल्याचा विषय निघाला की आत जाते. दोन, ती आईकडेच राहते आणि तो संध्याकाळी येऊन बाळाला बघून जातो, कधी अंगणातूनच. तीन, दोघं मडगाव-वास्कोकडे भाड्याची खोली घेतात, जिथे कोणी विचारत नाही. तिन्हीत तिच्या तब्येतीचं वेगवेगळं होतं. पहिलीत खाणंपिणं नीट, पण तक्रार करायची सोय नाही, कारण कागदावर ती त्या घरची कोणी नाही. तिसरीत मोकळीक आहे, पण बाळंतिणीला अंघोळ घालायला, लाडू करायला बाई नाही. दुसरीत आई असते आणि आईचे टोमणेही असतात.

कागदाचा त्रास वेगळाच. गृह आधार या सरकारी योजनेच्या महिन्याला १,५०० रुपयांसाठी अर्ज करायचा तर विवाहाचा पुरावा लागतो, आणि गोव्यात पंधरा वर्षं वास्तव्य. पहिल्या अटीत आपली एकोणीस वर्षांची मुलगी अडकते, दुसरीत परप्रांतीय मजुराची बायको. बाळाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव घालावं की नाही यावरून घरात भांडणं होतात. अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच सांगितलं आहे, पण खिडकीवरच्या कारकुनापर्यंत ते पोचलेलं असतंच असं नाही. मध्ये मुलींचंही लग्नाचं वय एकवीस करण्याचं विधेयक २०२१ मध्ये आलं होतं, ते लोकसभेच्या मुदतीबरोबर रद्द झालं. ते झालं असतं तर मुलाच्या वयाचा हा पेच मुलीच्याही वयाचा झाला असता. त्या वेळच्या चर्चेत ही बाजू मी कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडं. गोव्यात आशा सेविका नाहीत, त्यामुळे इतर राज्यांतली पुस्तकं वाचून 'आशाताईंमार्फत संपर्क' असं आराखड्यात लिहू नका, लोक हसतील. इथे घराघरांत जाणाऱ्या म्हणजे अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातल्या नर्सबाई. दोघीही कामाच्या, पण सेविका त्याच गावची असते, कोणाची तरी आते असते. तिने ओळख करून दिलेली मुलगी तिच्या सोयीचंच बोलेल. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या दारांनी आत शिरा : लसीकरणाचा दिवस, शिवणक्लास, औद्योगिक वसाहतीत माणसं नेणाऱ्या गाडीचा चालक, स्वयंसाहाय्य गट.

सासू समोर बसेल. बसू द्या. पहिल्या भेटीत सासूचीच मुलाखत घ्या, तिच्या स्वतःच्या बाळंतपणांची. तिलाही कोणी विचारलेलं नसतं, आणि तीही कदाचित अठराव्या वर्षीच आई झालेली असते. फक्त तिच्या वेळी ते लवकर नव्हतं. दुसऱ्या भेटीत ती स्वतःच उठून चहा ठेवायला जाते.

'नवरा मदत करतो का?' हा प्रश्न कधीच विचारू नका. 'कालचा दिवस सांग, उठल्यापासून' असं म्हणा आणि गप्प बसा. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, करणाऱ्या पुरुषांचे ९७. पण सरासरीत रात्री दोनला कोण उठलं ते कळत नाही, कालच्या दिवसात कळतं. नैराश्यासाठी एडिनबरो मापन वापरा, १९८७ चं आहे, दहाच प्रश्न, गोव्यात वापरून झालेलं. भाषांतर स्वतः करू नका, पडताळलेलं घ्या. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. 'हो' आलं तर त्या क्षणी तुम्ही संशोधक राहत नाही. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत कोणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं असावं. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही द्या, पण क्रमांक देऊन निघून येऊ नका, घरातलं एक विश्वासाचं माणूस सोबत घ्या.

आता मुलगे. २०१० साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात बायकोच्या गरोदरपणात आणि बाळ झाल्यावर साधारण दहा टक्के बाप नैराश्यात असल्याचं दिसलं. बाईला निदान एखादी नर्स 'बरी आहेस ना' म्हणते. वेर्ण्याच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे काम करणारा एक मुलगा मला भेटला. ओळखीच्या खुणा बदलून सांगते. रात्रपाळी करून सकाळी घरी येई तेव्हा बाळ नुकतंच जागं झालेलं असे, मग दहापर्यंत बाळ त्याच्याकडे. बायकोचं सिझर झालेलं, टाके दुखत. कार्डाचे फोटो त्याने मोबाइलमध्ये ठेवले होते, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस कधी ते त्याला तोंडपाठ होतं, कारण केंद्रावर न्यायचं तर दुचाकी त्याची. तापाच्या रात्री दोनदा खाडा झाला, पैसे कापले. कंपनीत त्याने मूल असल्याचं सांगितलंच नव्हतं. लग्नाची सही व्हायची होती, आणि लोक काय विचारतील ते त्याला नको होतं. प्रसूती रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, केंद्र सरकारी नोकराला बाप म्हणून १५ दिवस मिळतात, या मुलाला शून्य. तासभर बोलून झाल्यावर म्हणाला, 'म्हाका कोणेंच विचारूंक ना.'

सगळेच असे नसतात. काही जण नाव ऐकताच गायब होतात, काही हात उचलतात, आणि त्यांच्याशी बोलण्याआधी ती मुलगी सुरक्षित आहे ना हे पाहावं लागतं. तिच्या संमतीशिवाय त्याला भेटू नका, आणि दोघांना एकत्र तर मुळीच बसवू नका. पुरुषांच्या मुलाखती घरात होत नाहीत. रविवारी फुटबॉल किंवा क्रिकेट संपल्यावर, गाडी धुताना, मासे पागायला बसलेले असताना होतात. शक्य असेल तर एखादा पुरुष सहायक घ्या, पण मला असं आढळलंय की तिशीपुढच्या बाईशी हे मुलगे जास्त मोकळं बोलतात. मित्रासमोर त्यांना काळजी वाटते हे कबूल करायला जड जातं.

किती घरं? मुलगी, तिची बहीण, सासू किंवा आई आणि मुलगा, असा एक संच धरला तर पंधरा-वीस संच पुष्कळ झाले. प्रत्येकाकडे वर्षभरात चार-पाच वेळा जा. शंभर जणींना एकदा भेटण्यापेक्षा हे बरं.

आणि नावं बदलली की काम झालं असं समजू नका. गोवा एवढासा आहे. सत्तरीतली, खाण बंद पडल्यावर ट्रक विकलेल्या बापाची, नर्सिंग सोडलेली मुलगी म्हटलं की वाळपईच्या बाजारात दहा जण ओळखतील. व्यवसाय बदला, वाडा बदला, बाळ मुलगा की मुलगी हे निष्कर्षाला लागत नसेल तर तेही झाका. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, जातो, तो कोणीही उघडून वाचू शकतो, शेजारीही. म्हणून जमा करण्याआधी ज्या पानांवर एखादीची हकिगत आहे ती पानं तिला वाचून दाखवा, आणि 'हें काडून उडय' म्हणाली तर काढा. याला दोन-तीन महिने लागतात, विद्यापीठाच्या वेळापत्रकात ते कुठे धरलेले नसतात, तुम्हीच आधीपासून काढून ठेवा.